नाकातल्या जाती

रहूचं नाक काढायचं म्हणजे आधी
डोळ्यापुढची दोन भोकं शोधायची.
पुढच्या भोकातून पाणी आत येतं,
मागच्यातून निघून जातं.
घशाशी त्याचा काही संबंध नाही.
मासा नाकानं श्वास घेत नाही,
ते त्याला फक्त वासासाठी दिलेलं.

मधला पडदा कापला की आत फूल,
बोराएवढं, पाकळ्या एका दांड्याला धरून.
लॅबमधले खय्यूमभाई म्हणतात, शेवंती.
मला ती बापानं घडी घालून
ओट्यावर टाकलेल्या जाळ्यासारखी दिसते.

मेणात बसवून पाच मायक्रॉनचे काप काढते.
परभणीत नऊ वाजले की मेण मऊ पडतं,
म्हणून पहाटे सहाला लॅब उघडायची,
ठोकळ्याला बर्फ लावायचा.
बर्फ मीच आणते, मासळीच्या टेम्पोतून.

वहीत रकाना पाडला : जात.

पहिली खोल बसलेली,
मान लांबवून वरपर्यंत पोचलेली, टोकाला केसांचा झुबका.
पित्ताचा वास हिच्याकडे.
आणि कुणाची कातडी फाटली तर तोही :
एकाला जखम होते
आणि सगळा घोळका तळाला जातो,
कुणीही ओरडलेलं नसताना.

दुसरी तिच्यापेक्षा वर, आखूड, बारीक लव असलेली.
हिला खाण्याचं कळतं.
गढूळ पाण्यात गांडूळ कुठं विरतंय, ते.

तिसरी अगदी काठाशी. गोल, रांजणासारखी.
माथ्यावर खळगा, केस खळग्यात बुडालेले.
फार थोड्या. एका पाकळीत दोन,
पुढच्या अकरा पाकळ्यांत एकही नाही.
मादी विणीला आली, हे म्हणे
हिलाच आधी समजतं.

जिंतूरच्या वसतिगृहात, अकरावीला,
माझी खाट लागली तशी
शेजारच्या दोघींनी खिडकी उघडली.
डिसेंबर होता.
बोललं कुणीच नाही.
रात्री मी लिंबाच्या साली चोळल्या हातांना,
आई, धुरपता, शुक्रवारच्या बाजारातून आली की
राख चोळायची तशा,
कोपरापर्यंत.
शिष्यवृत्तीच्या फॉर्मवरही हाच रकाना होता.
तो मी सुंदर अक्षरात भरला.

परवा बाप आला, येलदरीहून,
एसटीत मांडीवर थर्माकोलचा डबा धरून,
डब्यात माझ्यासाठी सहा रहू.
मुंजाजी भोई, अशी सही केली गेटवर.
एक डोळा मिटून बराच वेळ नळीत बघत राहिला.
"काय मोजायलीस गं ह्यात?"
सांगितलं.
"मरत्यात का ह्या?"
मरतात बाबा, आणि खालून नव्या येतात,
मासा जिता असेस्तोवर.
"अन् माणसाच्या?"
माणसाच्याही.
त्यानं नाकाला बोट लावलं.
तीन वर्षांपूर्वीच्या तापानं त्याचा वास गेला.
मासळी उतरली का, हे तो आता आईला विचारतो,
धरणाचं पाणी बदललं का, हे कुणालाच नाही.
"मग माझ्याच कुठं अडकल्या?"

मला उत्तर येत नव्हतं.
मी हात पुढं केला, पहाटेपासून
सहा नाकं काढलेला, नुसत्या पाण्यानं धुतलेला.
त्यानं तो धरला, नाकाशी नेला,
औषधाच्या बाटलीसारखा लांबून, मग जवळून.
"काहीच न्हाई येत," म्हणाला.

इतकी वर्षं मला हेच वाक्य हवं होतं
कुणाच्या तरी तोंडून.

तो चार वाजताच्या गाडीनं गेला.
तिसऱ्या जातीचं असंही वाचलंय,
रहूच्या भावकीतल्या एका माशात :
थंडीत ती खोल उतरून बसते,
विणीच्या दिवसांत काठाला येते.
म्हणजे ही मोजणी आषाढात परत करावी लागेल.
तोवर चौथा रकाना रिकामा ठेवलाय,
काही पेशी कशातच बसत नाहीत.

थर्माकोलच्या डब्यात दोन रहू उरलेत.
बर्फाचं पाणी टेबलावरून टपकतंय,
खय्यूमभाई फडकं शोधतायत.